बारातलं एक काडतूस

१३ जानेवारी १९९१, रविवार

साहेब, ही वही उघडायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. जाताना तुम्ही सांगितलं होतं की दर रविवारी रायफल पुसायची, काय केलं ते वहीत लिहायचं, आलो की बघेन. आज पंधरावा रविवार आणि वहीचं पहिलं पान. शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर वाईट, हे एक कारण. दुसरं कारण पुढे लिहितो.

उद्या ही वही पोलिसांच्या हाती पडली तर त्यांना सगळं कळावं म्हणून नीट लिहितो. मी काशिराम, वय अडुसष्ट. पनवेलला अण्णासाहेबांच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या, भातगिरणीत बत्तीस वर्षं काट्यावर होतो. गिरणी बंद झाल्यापासून बंगल्याच्या मागच्या खोलीत राहतो, बंगल्याची राखण करतो. रायफल साहेबांची, परवाना साहेबांचा, त्यावर राखणदार म्हणून माझं नाव आहे. चोरीची नाही. गेल्या श्रावणात साहेबांच्या पत्नी वहिनीसाहेब वारल्या आणि दसरा झाल्यावर चिरंजीव शैलेशभाऊ साहेबांना नाशिकला घेऊन गेले. साहेबांची जायची इच्छा नव्हती.

आता दुसरं कारण. साहेब, रायफलीचं कडं, म्हणजे काडतूस भरायला खाली ओढायचा दस्त्याजवळचा दांडा, अजून अडकलेलंच आहे. खाली जात नाही, वर बसत नाही, बोटभर उघडं राहून थांबलं आहे. तुम्हाला दोन कार्डांत लिहिलं की रायफल उत्तम आहे. ते खोटं होतं. वरून पुसतो, दस्त्याला तेल लावतो, पण आतून साफ करता येत नाही. ज्या दिवशी तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "काशिराम, काय केलंस तू हिला?" तुमचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तेव्हापासून झोप नीट नाही.

मी काय केलं ते मला ठाऊक आहे. खंडेनवमीला वहिनीसाहेब रायफल पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायच्या. यंदा घरात सुतकाचं वर्ष, पूजा नको असं तुम्ही म्हणाला होतात. पण मला राहवलं नाही. तुम्ही झोपला होतात, तेवढ्यात मी पूजा केली. ओलं कुंकू, हळद, झेंडूची दोन फुलं, आणि मूठभर अक्षता. वहिनीसाहेब चार दाणे टाकायच्या. मी दोघांच्या वाटच्या टाकल्या.

हे पान तुम्ही यायच्या आत फाडीन.

१५ जानेवारी

गंगाबाई सकाळी तिळगूळ घेऊन आली. शेजारच्या चाळीत राहते, बंगल्याचं अंगण झाडते. मला ओट्यावर रायफल मांडून बसलेला बघून म्हणाली, "काशिरामभाऊ, बायको असती तर तिचे पाय तरी दाबले असतेस. ह्या लोखंडाला काय चोळतोस?" मी म्हटलं साहेबांचा हुकूम आहे. ती म्हणाली, "सायेब तिकडं नातवंडांत बसलाय. त्याला तुजी आठवण पन नाय." तिच्या हातचा तिळगूळ कडक होता, दातांना झेपला नाही. ती गेल्यावर पाण्यात विरघळवून प्यालो.

दुपारी काडतुसं मोजली. अकरा.

परत मोजली. अकरा. डबा उलटा केला, कपाट उपसलं, उशीखाली पाहिलं. परवान्याच्या नोंदीत बारा आहेत. श्रावणाआधी तुमच्यासमोर मोजली तेव्हाही बारा होती, तुम्ही मान हलवली होती. एक काडतूस कुठे जाईल? बंगल्यात माझ्याशिवाय कोणी येत नाही. म्हणजे जबाब मलाच द्यावा लागणार.

२७ जानेवारी, रविवार

आज धीर करून आतून साफ करायला घेतली. या रायफलीला मागून गज जात नाही, पाठ बंद असते. तोंडाकडूनच घालावा लागतो आणि तोंडाची कड घासू द्यायची नाही. हे तुम्ही मला एकोणीसशे साठ साली शिकवलं, माझ्या बोटांवर छडी मारून. गजाच्या टोकाला तेलाची चिंधी बांधली, सावकाश आत सोडली. गज पूर्ण जाईना. नेहमी मुठीपर्यंत जातो, आज चार बोटं आधीच थांबला. हलकेच ठोकलं तर टक असा बद्द आवाज आला.

वाटलं अक्षता नळीत गेल्या असतील, भिजून फुगल्या असतील, त्यांचा गोळा झाला असेल. आणखी दोनदा ठोकलं. मग उगीचच घाबरा झालो आणि बंद केलं.

रायफल भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. का ते माहीत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

आज शुक्रा आला. तुम्हाला आठवत असेल, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतला कातकरी, शिकारीत हाका घालायला सगळ्यांत पुढे असायचा. शिकार बंद झाली तेव्हापासून तो वीटभट्टीवर जातो. बाजाराच्या दिवशी इकडून जाताना पाणी प्यायला थांबतो. पाठ वाकली आहे, पण डोळे तसेच.

त्याला सगळं सांगितलं. कडं, काडतूस, गज. सांगताना तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या. शुक्रानं बिडी विझवली.

"काशीदादा, एक गोळी कमी हाय न गज अडतोय. तर ती कुठं हाय?"

 मी दोन आठवड्यांपूर्वी त्या काडतुसालाच गजानं ठोकत बसलो होतो.

शुक्रानं रायफल मांडीवर आडवी घेतली, तोंड परसाच्या मातीच्या बांधाकडे केलं आणि मला त्याच्या मागे बसायला लावलं. रॉकेलचे थेंब फटीत सोडले. अर्धा तास काही केलं नाही, नुसती वाट बघितली. मग सायकलच्या तारेचं टोक वाकवून आत फिरवलं. आधी कुंकवाचा लाल चिखल आला. मग एक दाणा. मग दुसरा, फुगून काळा झालेला. तो निघाल्यावर कडं हललं. शुक्रानं ते सावकाश खाली ओढलं आणि काडतूस उडून माझ्या पायाशी पडलं. अखंड होतं. पितळेवर तारेसारखा एक ओरखडा.

दोन तांदळांनी कडं अडवलं होतं. कडं पूर्ण बसलं नाही तर घोडा पडत नाही, हे मला माहीत आहे, तुम्हीच सांगितलं होतं.

शुक्रानं विचारलं की शेवटची हातात कोणी धरली होती. मी म्हटलं, साहेबांनी. मग तुम्ही गेलात त्या दिवसाचं सांगितलं. जेवण झाल्यावर तुम्ही मला पानं आणायला पाठवलंत. बाजारातलं नेहमीचं दुकान बंद, म्हणून मी लगेच परत आलो. तुमच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तुम्ही वहिनीसाहेबांच्या पलंगावर बसला होतात, रायफल मांडीवर. म्हणालात, साफ करत होतो. मला तेव्हाच नवल वाटलं होतं, कारण जवळ ना तेल, ना चिंधी, ना गज. आणि साफ करायचं काम माझं. तुम्ही तीस वर्षांत कधी चिंधी हातात घेतली नाही. मग कड्याबद्दल मला बोललात. तेवढ्यात शैलेशभाऊंची टॅक्सी फाटकाशी आली, ते एक दिवस आधीच आले.

शुक्रानं काडतूस उचलून डब्यात टाकलं. मग म्हणाला, "सायबाला ह्यातलं काय लिवू नको. न त्यो येईल तवा ही घरात नको."

मी म्हटलं, साहेबांची वस्तू, साहेबांचं घर. तो म्हणाला, "तुला ज्यांनी शाळेत घातलं त्यांचे पैशे वाया गेलं." पाणी पिऊन निघून गेला.

११ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. काडतूस मीच भरलं असणार. पावसाळ्यात परसात रानडुक्कर आलं होतं, तेव्हा भरलं असेन आणि विसरलो असेन. पण मी तर कधी भरत नाही, मला भीती वाटते. तरी म्हातारपणी माणूस काहीही करतो. साहेबांनी भरलं असेल तर चोराच्या भीतीनं भरलं असेल. दिवसाढवळ्या कुठला चोर? पण मोठ्या माणसांच्या मनात काय काय असतं, ते आपल्याला कसं कळणार.

बारा पूर्ण झाली हे मुख्य.

३ मार्च, रविवार

आता आतून लख्ख झाली. चिंधी पांढरी निघते. पण बाहेर, कड्याच्या वर, जिथं ओलं कुंकू बसलं होतं तिथं पोलादाला तांबूस खड्डे पडले आहेत. शिलाई मशीनचं तेल लावून ठेवलं, गेले नाहीत. गेल्या रविवारी राखुंडीनं घासलं. मोठी चूक झाली. गंज गेला, पण त्याबरोबर वरचा निळा काळसर रंगही गेला. आता तिथे रुपयाएवढा पांढरा डाग दिसतो, टकलासारखा. तुम्ही खोलीत पाऊल टाकताच तो दिसेल. तुमची नजर मला माहीत आहे.

गंगाबाईला दाखवला. ती म्हणाली काजळ लाव. हसली आणि गेली. मी लावून बघितलं, बोटाला लागतं.

आज दिवसभरात तिच्याखेरीज कोणाशी बोललो नाही. गेल्या रविवारी कोणाशीच नाही. मग मी रायफलीशी बोलतो. म्हणजे तुमच्याशीच.

२२ एप्रिल

साहेब, तुमचं पत्र आलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा आधी विश्वास बसला नाही. सहा महिन्यांत पहिलं. चार वेळा वाचलं. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पत्र हरवलं तरी राहील.

"काशिराम, ५ मे रोजी रविवारी मी पनवेलला येतो. त्या दिवशी आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतात. एकटाच येईन. शैलेशला कळवू नकोस, तो उगाच काळजी करतो. रायफल साफ करून माझ्या खोलीत टेबलावर ठेव, काडतुसांचा डबा शेजारी. बंगल्याची किल्ली गंगाबाईकडे दे आणि तू दोन दिवस उरणला पुतणीकडे जाऊन ये. तू माझ्यासाठी खूप केलंस. तुझी मागची खोली आणि परसाची जागा तुझ्या नावे करायचं वकिलांना सांगितलं आहे."

मला रडू आलं. इतक्या वर्षांत तुम्ही कधी सुट्टी दिली नाही, मीही मागितली नाही. आणि खोलीचं तर मी मनातही आणलं नव्हतं. पण साहेब, मी उरणला गेलो तर तुमच्या चहाचं कोण बघणार? गंगाबाई चहात आलं घालते, तुम्हाला चालत नाही. आणि डाग? तो टेबलावर, उजेडात, तुमच्या पुढ्यात.

२६ एप्रिल

ठाण्यातून शिपाई नोटीस देऊन गेला. निवडणूक आहे, परवान्याची हत्यारं १० मेच्या आत जमा करायची. म्हणजे तुम्ही ५ ला याल, ६ ला जाल, मग ७ ला मी जमा करीन. सगळं बसतं.

पण मग दिवसभर दुसराच विचार डोक्यात. आत्ताच जमा केली तर? तुम्हाला डाग दिसणार नाही. सरकारचा हुकूम आहे, माझा काय दोष? पण तुम्ही टेबलावर ठेव म्हणून लिहिलं आहे. तुमचा शब्द मोडायचा? साठ साली छडी मारली होती ती अजून आठवते.

संध्याकाळी शुक्रा आला. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. त्याला वाचता येत नाही, पण ऐकता येतं. खोलीचं वाचलं तेव्हा मला वाटलं तो खूश होईल. तो उठून उभाच राहिला.

"उद्या सकाळी ठाण्यात जा."

मी म्हटलं उद्या शनिवार, गर्दी असेल.

"मंग सोमवारी जा. पन तिला घेऊन जा. न उरनला जाऊ नको. तुला माजी शपथ हाय, काशीदादा."

शुक्रा कधी शपथ घालत नाही. मला वाटतं त्यालाही माझ्या डागाची काळजी वाटली असावी.

२९ एप्रिल, सोमवार

जमा केली. जुन्या धोतरात गुंडाळून टांग्यानं नेली. तेलाचा हात देऊन, नळीच्या तोंडाला मेणकापड बांधून. हवालदार म्हणाले, "आजोबा, शेवटच्या तारखेआधी येणारे तुम्ही पहिलेच. घरी काही भानगड आहे का?" मी म्हटलं नाही, साहेब येणार आहेत. ते हसले. बारा काडतुसं मोजून घेतली, मीही त्यांच्याबरोबर मोजली. पावतीवर सही केली. डागाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

येताना पाय हलके वाटले, मग फाटकाशी आल्यावर जड झाले. खोलीतली खुंटी रिकामी. आता रविवारी मी काय पुसायचं?

५ मे, रविवार

तुम्ही आत झोपला आहात, दुपारचे चार वाजले आहेत. घाईनं लिहितो.

बारा वाजता फाटक वाजलं. किती वाळलात साहेब. मला बघून तुम्ही फाटकातच थांबलात. "तू उरणला गेला नाहीस?" मी म्हटलं, चहाचं कोण बघणार. तुम्ही खोलीत गेलात. मी दाराबाहेर उभा राहिलो. तुम्ही टेबलाकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं. बाहेर आलात तेव्हा मी न विचारताच पावती पुढे केली. तुम्ही ती दोन्ही बाजूंनी वाचली, मागची बाजू कोरी असून.

"शेवटची तारीख दहा होती. पाच दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

मग मला खोटं बोलता येईना. सगळं सांगून टाकलं. चोरून पूजा केली, कुंकवाचे खड्डे पडले, राखुंडीनं घासलं, डाग पडला, तो तुम्हाला दिसू नये म्हणून जमा केली. आत काडतूस राहिलं होतं, तीही माझीच चूक, मला काय ती शिक्षा द्या.

तुम्ही म्हणालात, "ती चूक तुझी नव्हे." मग विचारलंत, "कडं कशानं अडकलं होतं?"

"अक्षतांनी, साहेब. दोन दाणे होते. वहिनीसाहेबांच्या वाटचे म्हणून जास्त टाकल्या होत्या."

तुम्ही हसलात. आधी थोडं, मग खूप, मग ओट्यावर बसलात आणि हसता हसता डोळ्यांना पंचा लावलात. तो बराच वेळ लावून ठेवलात. मला वाटलं तुम्ही फारच रागावलात. पाणी आणून ठेवलं. तुम्ही म्हणालात, "बस." मी खाली बसायला लागलो, तर म्हणालात, "खाली नको. इथे बस." मग वहिनीसाहेब पहिल्या वर्षी भात करपवून कशा रडल्या होत्या ते सांगितलंत. ते मला माहीत होतं, तो भात मीच खाल्ला होता. पण मी ऐकून घेतलं. पिठलं-भाकरी केली, तुम्ही अर्धी खाल्लीत.

६ मे

सकाळी नाशिकच्या एस.टी.त बसवून आलो. खिडकीतून तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "निवडणूक झाली की रायफल सोडवून आण. साफ करून ठेव. मी परत येईन." मी म्हटलं, पोचल्यावर कार्ड टाका. टाकतो म्हणालात. गाडी सुटली. तुमचा हात गार होता, मे महिन्यात.

शैलेशभाऊंना कार्ड टाकलं आहे की साहेब इथे येऊन गेले, जेवण कमी झालं आहे, त्यांना एकटं ठेवू नये. तुम्ही कळवू नको म्हणाला होतात. मला माफ करा. का टाकलं ते मला नीट सांगता येणार नाही.

२ जून, रविवार

तुमचं कार्ड नाही. रविवार कसा घालवायचा कळत नाही. चिंध्या धुऊन वाळवल्या. गज पुसला. मग तोही ठेवून दिला.

२५ जून

साहेब, मतदान लांबलं होतं, तेही झालं. ठाण्यातून निरोप आला की हत्यार घेऊन जा. गेलो नाही. आधी गुडघा दुखतो म्हणून नाही गेलो. मग पावसात टांगा मिळत नाही म्हणून. आज ऊन होतं, टांगेवाला स्वतः फाटकाशी येऊन विचारून गेला. त्याला नको म्हटलं.

गंगाबाई म्हणाली, "आता काय झालं रे? जीव होता ना तुजा तिच्यात?"  शुक्रा पावसात भट्टी बंद झाल्यानं वाडीवर गेला आहे, नाहीतर त्याच्याशी बोललो असतो. मला एक भीती वाटते आहे. ती कसली ते लिहायला घेतलं की हात थांबतो. तुम्ही पलंगावर बसला होतात, तेल नव्हतं, चिंधी नव्हती. एवढंच पुन्हा पुन्हा आठवतं.

तुमचा हुकूम इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघडपणे मोडतो आहे. रायफल सोडवून आणणार नाही. या दिवसांत लोखंड कसा गंज धरतं मला ठाऊक आहे, आठ दिवस हात लागला नाही तर नळीत तांबूस पडतं, महिन्यात खड्डे पडतात. पडू देत. गंजू दे ती. तुम्ही आलात की छडी मारा. खोली नावावर करू नका, मला नको. वकिलांना सांगा, घाई नाही.

शैलेशभाऊंना नाशिकला कार्ड टाकून पन्नास दिवस झाले, तिकडून काही नाही. आज हेच सगळं आंतरदेशीय पत्रांवर उतरवून पेटीत टाकतो, यातलं एकही पान फाडत नाही. लांबलचक काही नको साहेब. तुम्ही जेवता, एवढं एका ओळीत लिहा. लिहायचा कंटाळा असेल तर कोरं कार्ड टाका, पत्ता तेवढा तुमच्या अक्षरात असू दे. पण लवकर टाका. पोस्टमन अकरा वाजता येतो, मी दहापासून फाटकाशी उभा असतो.